‘बाहेर असलं की चालतं’ – कुणाला? : फिरतीवरच्या वाचकांची पत्रं

नोकरीधंद्यासाठी महिन्यातले दहाहून अधिक दिवस घराबाहेर असणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. त्यांतली आठ पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं आमच्या वैद्यकीय, आहार आणि व्यायाम सल्लागारांनी मिळून दिली आहेत. चालू असलेल्या औषधांचा डोस बदलायचा तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हे प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिलेलं नाही, ते सगळीकडे गृहीत धरा.

प्रश्न : औषध कंपनीत प्रतिनिधी आहे. हेडक्वार्टर लातूर. उदगीर, निलंगा, अहमदपूर ही एक्स-स्टेशन (त्याच दिवशी परतायची गावं). नांदेड, परभणी मुक्कामी. महिन्याचे १७-१८ दिवस बाहेर जातात. दीड वर्षात वजन ९ किलो वाढलं. गोड खात नाही, दारू घेत नाही. डीएमध्ये (रोजच्या भत्त्यात) बसेल असं काय खावं?

आधी हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. ९ किलोंच्या ६९ हजार झाल्या. दीड वर्षाच्या ५४० दिवसांवर त्या वाटल्या तर रोजच्या जादा कॅलरी येतात जेमतेम १३०. म्हणजे तुम्ही अचाट काही खात नाही आहात. रोज थोडंसंच जास्त होतंय, पण रोज होतंय. आणि महिन्यातले १८ दिवस बाहेर असणाऱ्याला ‘बाहेर असलं की चालतं’ ही सूट घेता येत नाही, कारण तुमचं बाहेरचं खाणं हेच रोजचं खाणं आहे.

‘गोड खात नाही’ म्हणताना चहा मोजला का? टपरीवरच्या कटिंगमध्ये साधारण दीड चमचा, म्हणजे ६-७ ग्रॅम साखर असते. दुधासकट ५०-६० कॅलरी. स्टॉकिस्टकडे (औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे) एक, दवाखान्याबाहेर ताटकळताना दोन, सोबतच्या कंपनीवाल्यांबरोबर दोन, रात्री एक. सहा कटिंगमध्ये ४० ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा दिवसाला सुमारे ५० ग्रॅम आहे आणि शक्यतो २५ च्या आत राहा असा तिचा सल्ला आहे. टपरीवर ‘बिनसाखरेचा द्या’ म्हणून भागत नाही, कारण साखर पातेल्यातच उकळलेली असते. मराठवाड्यात चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणण्यासारखं, हेही खरं. म्हणून सरळ सोडण्याच्या शपथा घेऊ नका. दिवसाचे दोन चहा कुठले ते सकाळीच ठरवा. बाकी ठिकाणी ‘अर्धाच’ म्हणा किंवा ताक मागवा. चार कटिंग कमी झाले तरी वरच्या १३० कॅलरी भरून निघतात आणि थोडी शिल्लकही पडते.

दुसरी गडबड संध्याकाळची. दुपारी दोनला जेवण, मग सायंकाळच्या ओपीडीत साडेनऊपर्यंत कॉल (डॉक्टरांच्या भेटी), आणि साडेदहाला ताटावर बसायचं. आठ तासांच्या भुकेने समोर येईल ते दुप्पट जातं आणि त्यावर लगेच झोप. इथे इच्छाशक्ती कामाची नाही, बॅगेतली पुडी कामाची आहे. साडेसहाच्या सुमारास ५० ग्रॅम फुटाणे सालासकट (सुमारे १० ग्रॅम प्रथिनं) आणि एक ग्लास ताक, किंवा दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम प्रथिनं) आणि एक केळं घ्या. शेंगदाणे चांगलेच, पण मूठभर, ३० ग्रॅमला १७० कॅलरी होतात. फुटाण्यांसारखे बकाणे भरायचे नाहीत. एवढं पोटात असेल तर रात्री एक भाकरी, पालेभाजी किंवा पिठलं आणि वाटीभर वरण पुरतं.

खानावळीत तुमचा भाग इतर जिल्ह्यांपेक्षा नशीबवान आहे, ज्वारीची भाकरी जवळपास कुठेही मिळते. भाजीवरची तर्री चमच्याने बाजूला काढा. आधी काकडी-कांदा, वरण आणि भाजी निम्मी संपवा, मग भाकरीला हात घाला, भात शेवटी आणि अर्धी मूद. अनलिमिटेड थाळी टाळा. तिथे माणूस भूक नाही, पैसे वसूल होण्याची वाट बघतो. पापड, लोणचं आणि फरसाण हे तिन्ही एकाच जेवणात असतील तर मिठाचं दिवसाचं ५ ग्रॅमचं माप ओलांडणं अवघड नाही, दोन सोडा.

आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर घरच्या काट्यावर वजन घ्या. कंबरेचा घेरही बेंबीच्या पातळीवर टेपने मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेषा. रोज रोज काट्यावर चढू नका. खारट जेवणाने दुसऱ्या दिवशी एक किलो पाणीच वाढलेलं दिसतं आणि माणूस निराश होऊन पुन्हा मिसळीकडे वळतो.

प्रश्न : लॉजच्या खोलीत पलंग आणि भिंत यांत सहा फूट जागा असते. जिम नाही, सकाळी आठला निघावं लागतं. वीस मिनिटांत काय होऊ शकेल? सूर्यनमस्कार पुरे का?

सूर्यनमस्कार चांगलेच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले ते उगाच नव्हे: सहा फूट जागा, शून्य साहित्य आणि सात-आठ मिनिटांत बारा नमस्कार. पण त्यांत सगळं ढकलण्याचं आणि वाकण्याचं काम आहे, काही ओढण्याचं नाही. दिवसभर स्टीअरिंग आणि लॅपटॉपवर पुढे झुकणाऱ्याला पाठीचे वरचे स्नायूच जास्त हवे असतात. म्हणून असं करा.

दोन-तीन मिनिटं जागच्या जागी गुडघे उचलत चाला, खांदे फिरवा. मग पुढच्या पाच गोष्टी ओळीने, मधे न थांबता. बैठका १२ ते १५. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर टेकून उठायचं. जोर ८ ते १२. जमिनीवर जमत नसतील तर हात पलंगाच्या कडेवर. आता ओढण्याचं काम: पाठीवरच्या सॅकमध्ये एक-एक लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या टाका, म्हणजे ४ किलो झाले. कमरेतून वाका, पाठ सरळ, एक हात खुर्चीवर आणि दुसऱ्या हाताने सॅक बरगडीपर्यंत ओढा, प्रत्येक बाजूला १२. मग पाठीवर निजून गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, म्हणजे सेतुबंधासन, १५ वेळा, वर दोन सेकंद थांबून. शेवटी कोपरांवर फळीसारखं ताठ राहणं, २० ते ४० सेकंद. एक मिनिट विसावा, पुन्हा पहिल्यापासून. तीन फेऱ्यांना वीस-बावीस मिनिटं लागतात.

चुका कुठे होतात? पलंगाला चाकं असतात आणि जोर मारताना तो सरकतो. आधी भिंतीला टेकवा. सॅकची चेन पूर्ण लावा. जोर मारताना कंबर खाली लोंबू देऊ नका, नाहीतर दोन दिवसांत कंबर धरेल. पहिल्याच दिवशी तीन फेऱ्या केल्यात तर तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतील आणि पुढचा आठवडा बुडेल. पहिला आठवडा एकच फेरी. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून जोर लावायचा नाही. उचलताना श्वास सोडायचा.

हे आठवड्यातून दोन-तीनदा केलं की स्नायूंचं काम भागलं. त्याशिवाय आठवड्याला १५० मिनिटं जलद चालणं हवं. त्यासाठी वेगळी वेळ काढू नका. लॉज एसटी स्टँडपासून एक किलोमीटरवरचा घ्या आणि रिक्षा सोडा. रात्री जेवून आल्यावर १५ मिनिटं चौकापर्यंत चालून या, जेवणानंतरची साखरही त्याने कमी चढते. मोकाट कुत्री असतील तर लॉजच्या गच्चीवर किंवा लांब व्हरांड्यात चाला, पण चाला.

प्रश्न : बियाणे कंपनीत क्षेत्र अधिकारी आहे, यवतमाळ-वाशीम भाग. मिश्र इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ घेतो. मे-जूनमध्ये खरिपाची धावपळ, पारा ४४-४५. गाडीत बर्फाच्या डब्यात इन्सुलिन ठेवतो. मागच्या वर्षी डोस तोच असून साखर ३०० च्या वर गेली. इन्सुलिन खराब झालं असेल का?

शक्यता दाट आहे, आणि संशय उन्हाइतकाच बर्फावरही घ्या. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामीच, ते फेकायचं. बर्फाला बाटली थेट टेकली की काचेलगतचा थर गोठतो आणि दुपारपर्यंत पुन्हा पातळ होतो. तुम्हाला काही कळतच नाही.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस टिकतं. नेमका आकडा खोक्यातल्या पत्रकावर असतो. म्हणजे चालू बाटलीला फ्रिज लागत नाही, फक्त ऊन चुकवायचं असतं. उन्हात उभ्या बंद गाडीत अर्ध्या तासात आतला पारा ६० च्या आसपास जातो. म्हणून गाडी सोडली की इन्सुलिनची पिशवी तुमच्याबरोबर उतरली पाहिजे, मग शेतावर जायचं असो की कृषी सेवा केंद्रात. डॅशबोर्ड आणि डिकी दोन्ही बाद.

विदर्भात सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे गाडगं. इन्सुलिन कोरड्या प्लास्टिक डबीत, डबी लहान गाडग्यात, गाडग्याभोवती ओलं सुती फडकं आणि सावलीत, वारा लागेल असं. पाणी उडून जाताना आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली येतं. कोरड्या हवेत हे छान चालतं, दमट हवेत नाही. कूलर यवतमाळला गार करतो आणि रत्नागिरीत नुसती चिकचिक, तसंच हे. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, त्यांचं तत्त्व हेच. बर्फाची पिशवी वापरायचीच असेल तर ती टॉवेलात गुंडाळा आणि मधे पुठ्ठा ठेवा. लॉजच्या छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून काही ठेवू नका, दाराच्या कप्प्यात ठेवा.

तुमचं मिश्र इन्सुलिन दुधासारखं दिसायला हवं. तळहातांत दहा वेळा गोल फिरवा, दहा वेळा उलटसुलट करा, जोरात हलवू नका. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून पांढरी खर चिकटली तर ते गेलं. मात्र उन्हाने मेलेलं इन्सुलिन दिसायला अगदी चांगलंही असू शकतं. खाणं-डोस तेच असून साखर दोन-तीन दिवस चढीच राहिली तर नवी बाटली उघडून बघा.

आता परगावी होणारी एक फार धोकादायक चूक. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलि असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिट. सिरिंजही वेगवेगळ्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढलं तर त्याच खुणेवर अडीचपट डोस जातो. औषधाच्या दुकानात ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ असं म्हणू नका; बाटली दाखवा आणि आकडा जुळवून घ्या. फिरतीला निघताना लागेल त्याच्या दुप्पट साठा, दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि औषधाचं मूळ नाव व ताकद लिहिलेली चिठ्ठी. विमानाने जात असाल तर सगळं हातातल्या बॅगेत; सामानाच्या कप्प्यात नाही.

फिरतीवर साखर वाढण्यापेक्षा घसरणं लवकर घात करतं. इंजेक्शन घेतलं आणि जेवण शेतकऱ्याच्या घरी तासाभराने आलं, असं होतं. मिश्र इन्सुलिन पान वाढलं गेल्यावरच टोचायचं, ‘होईलच आता’ वर नाही. हात थरथरले, घाम फुटला, साखर ७० च्या खाली असली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातला स्निग्धांश साखर रक्तात पोहोचायला उशीर करतो. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर. नंतर भाकरी-पोळी खा. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन बंद करा, आणि साखर नॉर्मल आल्यावरही ४५ मिनिटं स्टीअरिंगला हात लावू नका. हात-पाय सावरले तरी डोकं मागून सावरतं. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही जेवण चुकलं की हेच होतं, त्यांनीही हा परिच्छेद आपला समजावा.

प्रश्न : मी बँकेच्या शाखांची तपासणी करते. खेड्यांतल्या शाखांत स्वच्छतागृहाची बोंब. म्हणून सकाळी निघाल्यापासून पाणीच पीत नाही. वर्षात तीनदा लघवीला जळजळ झाली. दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या की बरं वाटतं.

‘बरं वाटतं’ इथेच अडचण आहे. वर्षात तीनदा म्हणजे ते वारंवार होणारं दुखणं झालं. त्याला लघवीची साधी तपासणी, कल्चर (जंतू कुठला आणि कुठल्या औषधाने मरतो ते बघणारी तपासणी), रक्तातली साखर आणि सोनोग्राफी एकदा लागते. अंदाजाने घेतलेल्या अँटिबायोटिकला उरलेले जंतू सरावतात आणि चौथ्या वेळी तीच गोळी चालत नाही. कल्चर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचं असतं: सुरुवातीची धार सोडून मधली लघवी, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीत, आणि दोन तासांत तिथे पोहोचेल अशी. लघवीची आम्लता कमी करणारं सिरप जळजळ शमवतं, जंतू मारत नाही. ते घेऊन ‘झालं’ म्हणू नका.

पाणी न पिणं हा उपाय नाही, तेच कारण आहे. लघवी थांबून राहते तेवढे जंतू वाढतात, वर मुतखड्याची भीती. एकदम बाटली रिकामी केली की तासात घाई होते, म्हणून दर अर्ध्या तासाला चार घोट. दिवसभरात दोन लिटर, उन्हाळ्यात आणखी. रंग फिकट पिवळा असला की पुरेसं. तीन-चार तासांनी जायचंच, लागो न लागो. वाटेतली ठिकाणं आदल्या दिवशीच ठरवा: मोठे पेट्रोलपंप, तालुक्याचं रुग्णालय, मोठी शाखा. तपासणीच्या वेळापत्रकात ती आधी आणि मगच जेवण. अस्वच्छ कमोडवर अधांतरी राहून केलं की ओटीपोटाचे स्नायू आखडतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. त्यापेक्षा भारतीय पद्धतीचं शौचालय बरं, नाहीतर उभ्याने वापरायचं बायकांसाठीचं सिलिकॉनचं नरसाळं मिळतं, ते पर्समध्ये मावतं. पुसणं किंवा धुणं पुढून मागे. आतून साबण किंवा जंतुनाशक नको, त्याने चांगले जंतू मरतात. पाळीत पॅड चार ते सहा तासांत बदला.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलटी यांपैकी काही असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर दौरा सोडून त्याच दिवशी डॉक्टर. शिवाय आणखी एक: महिला कर्मचाऱ्यांसाठी शाखेत वापरण्याजोगं स्वच्छतागृह नसणं ही बाब तपासणी अहवालात लिहिण्याची आहेच. लिहा.

प्रश्न : रोज दीडशे किलोमीटर मोटरसायकल. उजव्या ढुंगणापासून मांडीत कळ जाते. एमआरआय करू का?

आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. उजव्या बाजूला इंचभर जाड पाकिटावर रोज चार तास बसलं की कंबर तिरकी राहते आणि ढुंगणातल्या स्नायूखालची मोठी शीर दबते. पाकीट पुढच्या खिशात, आणि तीन-चार आठवडे बघा. सॅक पाठीवर लोंबकळू देऊ नका, तिचा तळ सीटवर टेकेल इतके पट्टे सैल सोडा किंवा सॅक मागे बांधा. दर तासाला पाच मिनिटं उतरून चाला. उतरल्या उतरल्या जड खोका उचलू नका; दोन मिनिटं चालून मगच. पाऊल उचलताना अडखळायला लागलं, मांड्यांच्या आतली संवेदना गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर मात्र वाट न बघता रुग्णालय, तेही त्याच दिवशी.

प्रश्न : दर दोन-तीन दौऱ्यांनंतर जुलाब. बाटलीबंद पाणीच पितो. ओआरएस घेऊनही अशक्तपणा जात नाही.

पाणी नीट असेल तर बाकीचं बघा. दुपारभर उघड्या वाटीत राहिलेली हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा-काकडी, उसाच्या रसातला आणि सरबतातला बर्फ. वाफाळतं वरण, तव्यावरून उतरलेली भाकरी, उकळता चहा यांनी पोट सहसा बिघडत नाही. तोंड बाटलीच्या पाण्याने धुता, पण ब्रश लॉजच्या नळाखाली? तेही कारण असतं.

ओआरएसची चूक बहुधा मापाची असते. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी विरघळवायची. लोक अर्धी पुडी ग्लासात टाकतात. ते द्रावण दाट होतं आणि आतड्यात उलट पाणी ओढतं, जुलाब वाढतात. २०० मिलिच्या लहान पुड्याही मिळतात, पाकिटावर वाचा. तुमच्या हातात एक लिटरची बाटली असतेच, माप शोधायला नको. दर पातळ जुलाबामागे एक ग्लास, घोट घोट. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. पुडी मिळाली नाही तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. फळांच्या चवीची गोड डबाबंद पेयं हा ओआरएस नव्हे, त्यांत साखर फार आणि क्षार कमी असतात. खाणं बंद करू नका: मऊ मुगाची खिचडी, दहीभात, केळं.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर घ्यायची नाही. तेव्हा, किंवा सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी फोन करून विचारा, कारण शरीरातलं पाणी कमी झालं असताना काही गोळ्या किडनीला जड जातात. पण परत परत पोट बिघडतंय म्हणून आतड्यांसाठी ‘टॉनिक’ घेऊ नका. त्यापेक्षा टायफॉइडची लस घ्यावी का ते विचारा.

प्रश्न : पुण्याहून न्यू जर्सीला वर्षातून चार खेपा, दोन-दोन आठवडे. पहिला आठवडा दुपारी डोळे मिटतात. परत आल्यावरही तेच. शिवाय १५-१६ तास विमानात बसून पाय सुजतात.

तुमच्या शरीराचं घड्याळ दिवसाला तास-दीड तासच सरकतं आणि उन्हाळ्यात न्यू जर्सी भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. म्हणजे पहिला आठवडा जाणारच, तो वाया जाऊ न देणं तुमच्या हातात. तिथे सकाळी नऊ वाजतात तेव्हा शरीराला संध्याकाळचे साडेसहा वाटतात, डोकं चालतं. तिथल्या दुपारी तीनला शरीरात मध्यरात्रीचे साडेबारा. म्हणून पहिल्या चार दिवसांतल्या अवघड मीटिंगा सकाळीच लावा. दुपारी डुलकी घ्यायची तर २०-२५ मिनिटं, गजर लावून. दुपारनंतर संध्याकाळपर्यंत उघड्यावर उजेडात चाला, त्याने घड्याळ पुढे सरकायला, म्हणजे झोप उशिरा यायला मदत होते. दुपारनंतर कॉफी नको. पाच तासांनीही निम्मं कॅफीन रक्तात उरतं.

परतीचं गणित उलटं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. पुण्यात पोहोचल्यावर ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ असा सल्ला सगळे देतात. पहिले दोन दिवस ते टाळा, सकाळी बाहेर पडायचंच तर गॉगल लावा आणि दुपारी दोननंतर उजेडात या. सकाळचा प्रकाश त्या वेळी तुमच्या शरीराच्या मध्यरात्री पडतो आणि घड्याळ चुकीच्या दिशेला ढकलतो. रोज थोडं थोडं लवकर उजेडात येत जा. मेलाटोनिन (झोपेची वेळ शरीराला कळवणारं हार्मोन) घ्यायचं तर अर्धा ते तीन मिलिग्रॅम, पोहोचलेल्या गावच्या झोपेच्या वेळी. फिट येणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय नाही. आणि मुंबई विमानतळावरून पुण्याला स्वतः गाडी चालवत येऊ नका.

पायांचं कारण सलग बसणं. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या खोल शिरेत रक्त गोठण्याची शक्यता वाढते. विमानच नव्हे, पुणे-नागपूर स्लीपरलाही हे लागू. एकूण धोका कमीच, पण काळजी फुकट आहे. आतल्या वाटेकडची जागा घ्या. दर तासाला टाचा आणि चवडे आळीपाळीने २०-३० वेळा उचला. दोन तासांनी उठून चाला. पायांशी बॅग कोंबू नका. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, गर्भारपण किंवा संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्या असतील तर गुडघ्याखालचे दाबाचे मोजे विचारून घ्या. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने नको. दोन्ही पाय सारखे सुजले तर रात्रीतून उतरतात. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर डॉक्टर; त्याबरोबर छातीत दुखलं किंवा धाप लागली तर ताबडतोब रुग्णवाहिका.

प्रश्न : कंपनी सहा महिन्यांसाठी नायजेरियाला पाठवतेय. लसींचं काय? रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी प्रवासाच्या दिवशी चुकवतो, चालेल ना?

गोळी चुकवू नका. विमानात सारखं उठायला लागेल या भीतीने ती सोडणारे पुष्कळ आहेत. वेळ बदलून चालतं का, एवढंच डॉक्टरांना विचारा.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. तिथे पिवळं कार्ड मिळतं आणि ते पासपोर्टबरोबर ठेवायचं. एक डोस आयुष्यभर ग्राह्य धरतात. कार्ड नसेल तर तिथे जातानाच नव्हे, भारतात परततानाही सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, वय ६० च्या वर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर केंद्रावर आधीच सांगा.

मलेरियासाठी लस घेऊन निभावत नाही, गोळ्या लागतात. कुठली ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सीसायक्लिन असेल तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू आणि परतल्यावर चार आठवडे रोज. घरी आल्यावर बरं आहे म्हणून मधेच सोडतात, तिथेच फसतात. तिथला मलेरिया इथल्या नेहमीच्या तापासारखा चालढकल करू देत नाही, एक-दोन दिवसांत मेंदूवर जाऊ शकतो. परतल्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की मी आफ्रिकेतून आलोय, आणि त्याच दिवशी रक्ताची मलेरिया तपासणी करून घ्यायची.